जागा रिकामी नव्हती

"तुम्ही कागद शोधा, मी फोन धरून बसते," तगादाबाई म्हणाली. "मला कसलीच घाई नाही. घाई तुम्हाला आहे. उद्या तिसावा दिवस."

पलीकडे गॅस कंपनीतला कोणीतरी नवा माणूस होता. जुनी माणसे तिचा आवाज ऐकला की निमूटपणे कपाटाकडे जात. हा नवा हुज्जत घालत होता, साहेब जेवायला गेलेत म्हणत होता. तिने मान तिरकी करून रिसीव्हर खांद्यात धरला आणि पेन्सिलीला टोक काढायला घेतले. टोक काढून होईपर्यंत कागद सापडला होता.

कचेरी पतनोंदींची होती. शहरात विजेचे, पाण्याचे, गॅसचे बिल कोणी मुदतीत भरले आणि कोणी उशिरा, याची महिन्यागणिक नोंद इथे ठेवली जाई. कर्ज देणारे आणि जागा भाड्याने देणारे ती नोंद मागवत आणि तिच्यावरून माणसाची पारख करत. नोंद चुकली असेल तर तक्रार करता येई, आणि त्या बाबतीत कायदा ग्राहकाचा सख्खा भाऊ होता. तक्रार आली की कंपनीला विचारायचे. तीस दिवसांत कंपनीने पुराव्यानिशी उत्तर दिले नाही, तर नोंद खोडून टाकायची. कंपन्यांचा आनंदच होता, त्या पत्रांना उत्तरेच देत नसत. त्यामुळे बाकीच्या टेबलांवर तक्रारी महिनाभर पडून राहत आणि आपोआप ग्राहकाच्या बाजूने निकाली निघत. तगादाबाईच्या टेबलावर तसे होत नसे. ती एकदा हात धुऊन मागे लागली की कंपन्या कंटाळून उत्तर देत, आणि निम्म्याहून जास्त उत्तरे 'नोंद बरोबर आहे' अशीच असत. एकवीस वर्षे ती हे काम मन लावून करत आली होती. मुख्य लेखनिक पुढच्या महिन्यात निवृत्त होत होते, आणि त्यांच्या खुर्चीवर तिलाच बसवायचे असे साहेबांच्या मनात होते. ते त्यांनी तिला दोनदा बोलूनही दाखवले होते.

तगादाबाई हे नाव टपालकाकांनी पाडलेले. काका म्हणजे आलेल्या टपालावर तारखेचे शिक्के मारून ते टेबलोटेबली वाटणारे गृहस्थ. त्या दिवशी त्यांनी चार नवे अर्ज तिच्या ट्रेमध्ये टाकले, त्यातल्या दुसऱ्यावर तिची नजर अडकली.

तिसरा मजला, डावीकडचे दार, पाण्याच्या टाकीसमोर.

नाव तिने नंतर वाचले. हा पत्ता अकरा वर्षे ती स्वतः लिहीत आली होती, आता तो दुसरीच्या अक्षरात होता. अक्षर गोल आणि टपोरे होते. तेही तिला आवडले नाही.

ओळखीच्या माणसाची तक्रार आली तर ती दुसऱ्या टेबलावर द्यावी, असा कचेरीचा नियम होता. सवत ओळखीत मोडते की नात्यात, याचा खुलासा नियमात नव्हता. तगादाबाईने अर्ज आपल्याकडेच ठेवून घेतला.

आता खरे म्हणजे सवतही म्हणता येत नव्हते. रीतसर कागद होऊन, दोघांच्या सह्या होऊन नवरा सुटला होता, त्याला दोन वर्षे झाली होती. पण कागदाने नवरा सुटतो, जळफळाट सुटत नाही. त्यात आणखी दुखणे असे की, त्या बाईला घरात आणले होते तगादाबाईनेच. आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यावा, तसे.

नवरा लिफ्टची दुरुस्ती करणारा. दिवसभर लोकांच्या इमारतींत खालीवर करून येई आणि घरी आला की त्याच्याने खिळासुद्धा ठोकवत नसे. खिडक्यांना पडदे लावू या म्हटले की म्हणे, "तिसऱ्या मजल्यावर कोण बघायला येतंय आपल्याला?" असे दहा वर्षे चालले. शेवटी तिने आपल्या पगारातून पैसे बाजूला टाकले आणि एका जानेवारीत पडदे शिवणाऱ्या बाईला बोलावले. बाई आली, गळ्यात टेप टाकून. तिने मापे घेतली, टेपचे दुसरे टोक तगादाबाईने धरले. पंधरा दिवसांनी पडदे तयार होऊन आले तेव्हा लिफ्टवाला घरात होता. "दादा, तेवढी खुर्ची धरता का?" असे पडदेवाली म्हणाली, आणि ज्याने अकरा वर्षांत एक खिळा ठोकला नव्हता, त्याने तीन खिडक्यांना तीन दांड्या स्वतः बसवल्या. वर हसलाही. ते हसू तगादाबाईला त्याच दिवशी खुपले होते. पुढे मार्चमध्ये त्याने तोंड उघडले आणि मेच्या अखेरीला तिने घर सोडले. जूनची पंधरा तारीख उजाडते न उजाडते तोच पडदेवाली त्या घरात राहायला आली. जिच्या तोंडी 'दादा' होते, तिच्या तोंडी 'अहो' आले. पडदे तिथेच राहिले, आणि त्यांचे पैसे तगादाबाईने दिले होते.

अर्जात लिहिले होते: 'मार्च, एप्रिल आणि मे या तीन महिन्यांची विजेची बिले उशिरा भरल्याची नोंद माझ्या नावावर आहे. मी त्या घरात जूनमध्ये आले. आल्यावर थकलेली तिन्ही बिले मीच भरली. इमारतीखालचा गाळा मला दुकानासाठी घ्यायचा आहे. मालक स्वच्छ नोंद मागतात आणि महिनाअखेरपर्यंतच थांबणार आहेत. तरी कृपा करावी.'

अर्जातला शब्द न् शब्द खरा होता, आणि ते तगादाबाईइतके कोणालाच माहीत नव्हते. ती तीन बिले तिनेच भरली नव्हती.

'कागदाचं बाईने बघावं' ही लिफ्टवाल्याची जुनी रीत. त्यामुळे विजेचे मीटर पहिल्यापासून तिच्या नावावर होते आणि अकरा वर्षांत तिचा एक दिवस चुकला नव्हता. त्याने तोंड उघडले त्याच आठवड्यात मार्चचे बिल आले. ते तिने भरले नाही. ज्या घरात मी नकोशी, तिथला दिवा मी का पेटता ठेवू, असे तिला वाटले. एप्रिलचे आले, मेचे आले, तीही तिने डब्यांच्या फळीवरच्या कागदाखाली सारून ठेवली. उशिराची लाल खूण आपल्याच नावावर पडणार हे तिला माहीत होते. या कचेरीत बसून माहीत नसेल तर कसे? आपले नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायचा, तो प्रकार. नंतर बरेच महिने ती अधूनमधून स्वतःची नोंद काढून बघत होती. लाल खूण उमटली नाही, रांग फेब्रुवारीपाशी थांबली होती. त्याने मुकाट्याने भरली असतील बिले, असे धरून ती गप्प बसली.

आता तिला समजले की खूण कुठे जाऊन पडली होती. खोटे कशाला सांगा, तिला बरे वाटले. माझे घर घेतलेस, खिडक्या घेतल्यास, हेही घे, असे ती मनातल्या मनात म्हणाली. मग तिने वीज कंपनीचा फोन फिरवला.

ती जे करत होती त्यात कोणालाही बोट ठेवायला जागा नव्हती. इतर फायलींचा लावते तसाच ती या फायलीचाही तगादा लावत होती, फक्त दिवसाआड करायचा फोन रोज करत होती. तिने जर हातावर हात ठेवले असते, तर तीस दिवस झाले की पडदेवालीचे काम आपसूक झाले असते. हे टपालकाकांच्याही लक्षात आले.

"अहो, एखादी तरी फाइल झोपू द्या," बाराव्या दिवशी ते तिच्या टेबलाशी रेंगाळत म्हणाले. "दुपारची माणसं झोपतात, फायलींनीच काय पाप केलंय?"

"काम ते काम, काका."

"ही बाई म्हणतेय मी त्या घरात नव्हतेच. शेजारच्या टेबलावर गेली असती तर सुटली असती बिचारी. उगाच चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची."

"ती संन्यासी आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?" तगादाबाई म्हणाली.

काकांनी तिच्याकडे चष्म्यावरून बघितले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. चोर कोण, हे त्यांनी विचारले नाही.

एकोणिसाव्या दिवशी पडदेवाली स्वतःच आली. खिडकीपाशी कोणी बाई बसल्याहेत म्हणून काका सांगत आले, तेव्हाच तगादाबाईने केस नीट केले आणि मग स्वतःचाच राग येऊन खुर्ची मागे ढकलली. काचेपलीकडे पडदेवाली उभी होती. टेप गळ्यातच राहिलेली, कामावरून तशीच उठून आली असावी. तगादाबाईला बघून तिचा चेहरा उतरला.

"ताई, तुम्ही इथे असता?"

"एकवीस वर्षं."

"मला खरंच माहीत नव्हतं. हे कधी बोलले नाहीत."

'हे' म्हणाली ती. तगादाबाईही त्याला 'हे'च म्हणायची. शब्द तोच, माणूस तोच, म्हणणारी तेवढी दुसरी. तगादाबाईने समोरचे रजिस्टर उगाचच उघडले.

"काय काम होतं?"

"अर्जाचं काय झालं ते विचारायला आले. गाळेवाले रोज विचारतात. एक इस्त्रीवाला त्यांच्या मागे लागलाय, जास्त भाडं देतो म्हणतोय. घरात आता यंत्र मावत नाही, ताई. दोन मुली हाताखाली यायला तयार आहेत, त्यांना बसवू कुठे?"

"कंपनीचं उत्तर यायचंय."

"आणि नाही आलं तर?"

नियमाप्रमाणे तगादाबाईने सांगायला हवे होते, की नाही आले तर तुमचेच काम होते, घरी जाऊन स्वस्थ बसा. ग्राहकाला त्याचा हक्क सांगणे हा तिच्या कामाचाच भाग होता, तसा फलकही तिच्या डोक्यावर टांगलेला होता. "आल्यावर कळवू," ती म्हणाली.

पडदेवाली जायला वळली आणि पुन्हा फिरली. "एक बोलू का? रागावू नका. मला कोणावर ढकलायचं नाहीये. पण मी जूनमध्ये आले हे तुम्हाला तर माहितीये."

"मग मीटर मार्चपासून तुमच्या नावावर कसं? कंपनीकडे तशी नोंद आहे."

"फॉर्म ह्यांनी भरला. काउंटरवरचा माणूस म्हणाला, बिलं थकलीयेत, जुन्या ग्राहकाची सही आणा. नाहीतर मागची तारीख टाका, मग सही लागणार नाही." ती थांबली. "हे म्हणाले, तिच्याकडे सही मागायला कुठल्या तोंडाने जाऊ. मी आपली खाली सही केली. कापडात सूतभर चुकत नाही मी, आणि कागद न वाचता सही करून बसले."

तिची एक सही मागायला यायला नको म्हणून त्याने तीन महिने इकडचे तिकडे केले होते. तो आला असता तर तिने सही केली असती का? दारात थोडा वेळ उभा केला असता, एवढे नक्की.

"पडदे आहेत का अजून?" असे तिच्या तोंडून निघून गेले.

"आहेत ना. पण धुऊन धुऊन आटले. खालून वीतभर खिडकी उघडी दिसते. बदलायचे म्हणते, पण लोकांचे शिवण्यातच दिवस जातो."

त्या वीतभर उघड्या खिडकीने तगादाबाईला संध्याकाळपर्यंत बरे वाटत राहिले. मग घरी जाताना तिला आठवले की पडदेवालीच्या डोळ्यांखाली काळे झाले होते आणि बोटाला चिकटपट्टी होती. ती दमलेली होती. पण घरी कोणीतरी असल्यावर दमण्यातही माणसाला एक थाट असतो, असे तिला वाटले, आणि ती त्या दमण्यावरही जळली. स्वतःच्या खोलीत ती पोचली तेव्हा कुलूप तसेच होते, सकाळची कपबशी तशीच होती, आणि खिडकीतून समोरच्या इमारतीची आंधळी भिंत दिसत होती.

दुसऱ्या दिवशी तिने वीज कंपनीला दोनदा फोन केला.

सत्ताविसाव्या दिवशी उत्तर आले. काकांनी शिक्का मारून पाकीट तिच्यापुढे ठेवले. 'नोंद बरोबर आहे. ग्राहक बदलाच्या अर्जाची प्रत सोबत जोडली आहे.' झाले. एवढे फाइलला लावले की नोंद कायम आणि गाळा इस्त्रीवाल्याचा. तिने जिंकल्यासारखे पान उलटले.

अर्ज लिफ्टवाल्याच्या अक्षरात होता. ते अक्षर तिने दोन वर्षांत बघितले नव्हते. रेघेवर न टेकणारे, उजवीकडे चढत जाणारे. वाणसामानाच्या यादीतही तो असेच लिहायचा. 'नवीन ग्राहक कधीपासून', त्यापुढे 'एक मार्च'. हे तिला ठाऊक होते. त्याखाली छापलेले होते: 'जागा ताब्यात घेतेवेळी वापरात / रिकामी. नको तो शब्द खोडावा.'

त्याने 'वापरात' खोडले होते. एकदा नाही, दोनदा रेघ ओढली होती.

तगादाबाईने कागद खाली ठेवला आणि पुन्हा उचलला. एक मार्चला जागा रिकामी होती. मग मार्चमध्ये मोरी कोणी घासली? एप्रिलमध्ये ताप आला तेव्हा भिंत धरत धरत उठून दूध कोणी तापवले, आणि त्यातला अर्धा कप त्याच्यासाठी झाकून कोणी ठेवला? पंख्याची पाती ओल्या फडक्याने कोणी पुसली? त्याच्याशी बोलणे बंद होते तरी त्याचा डबा रोज भरलेला असायचा, तो कोण भरत होते? नवे पडदे लावलेल्या बाहेरच्या खोलीत जमिनीवर अंथरूण घालून झोपायचे आणि सकाळी ते त्याच्या नजरेला पडू नये म्हणून लवकर गुंडाळायचे, हे तिने एक्याण्णव दिवस केले होते. माणूस घरात असताना त्याने लिहून दिले की घर रिकामे आहे.

तिला मागच्या तारखेचे कारण माहीत होते. काउंटरवरच्या माणसाने सुचवले असेल, तारीख मागची म्हणजे ओघाने जागा रिकामी, यात त्याने फार विचार केला नसेल. तो कशातच फार विचार करत नसे. तरी तिच्या अंगाचा तिळपापड झाला. गेले सत्तावीस दिवस ती खूश होती की ती लाल खूण दुसरीच्या माथी बसली आहे. आता तिला दिसले की दुसरीला नुसती खूण मिळालेली नाही, महिनेही मिळाले आहेत. नवरा, घर, खिडक्या, 'हे' म्हणण्याचा अधिकार, सगळे तिच्याकडे गेले, आणि आता हे शेवटचे तीन महिनेसुद्धा तिच्याच नावावर? लाल का होईना, ते तगादाबाईचे होते.

त्या संध्याकाळी तिने पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढून काढली. घर सोडताना फळीवरच्या कागदाखालची तिन्ही बिले तिने बरोबर आणली होती. का आणली, ते तिला तेव्हाही सांगता आले नसते. तिचे नाव आणि तो पत्ता एकत्र छापलेले तिच्याजवळ तेवढेच कागद उरले होते.

सकाळी कचेरीत आल्या आल्या तिने कोरा कागद घेतला आणि लिहिले: 'एक मार्च ते एकतीस मे या काळात सदर जागा रिकामी नव्हती. मी तिथे राहत होते. मीटर माझ्या नावावर होते. बिले मला मिळाली व मी ती भरली नाहीत. मूळ बिले सोबत जोडली आहेत. तरी हे तीन महिने माझ्या नावावर घ्यावेत.' खाली सही केली आणि फाइल साहेबांपुढे नेऊन ठेवली.

साहेबांनी दोनदा वाचले. "ही बाई तुमच्या ओळखीची आहे?"

"नात्यातली," तगादाबाई म्हणाली.

"मग ही फाइल तुमच्याकडे कशी?" असे म्हणून ते उत्तराची वाट न बघता पुढे बोलू लागले. त्यांना ती सांभाळायची होती. "हे बघा, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण झालं. तुम्हाला कोणी विचारलं होतं का? कंपनीचा पुरावा अपुरा आहे एवढंच लिहा. तिची नोंद आपण खोडून टाकू. ती सुटली, तुम्हीही सुटलात."

"खोडू नका, साहेब."

"म्हणजे?"

"तिच्याकडून काढा आणि माझ्याकडे लावा."

"अहो, मुख्य लेखनिकाची नोंद स्वच्छ लागते. हे लावलं तर दोन वर्षं मला तुमचं नाव पुढे पाठवता येणार नाही. कोणाचंच नुकसान न होता काम होतंय, आणि तुम्ही…" त्यांनी हात पसरले. "का पण?"

तगादाबाईने साहेबांच्या टेबलावरच्या त्या तीन बिलांकडे बघितले. एकावर डब्याच्या बुडाचा गोल डाग होता.

"ते महिने माझे आहेत," ती म्हणाली.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी सही केली. काकांनी तिन्ही बिलांना भोके पाडून ती फाइलला दोऱ्याने बांधली. "मूळ प्रती आहेत, परत मिळायच्या नाहीत," ते हळूच म्हणाले. "झेरॉक्स काढून देऊ का एक?" ती नको म्हणाली.

पत्र घ्यायला पडदेवाली एकोणतिसाव्या दिवशी आली. काचेखालून पत्र घेऊन या वेळी तिने ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचले. तिचे डोळे भरून आले आणि ते लपवायला तिने पत्राची नको तितकी बारीक घडी घातली.

"ताई, तुमच्यावर तर काही आलं नाही ना?"

"कंपनीची चूक होती. दुरुस्त झाली."

"तुमच्या खोलीच्या खिडकीचं माप द्या मला. दुकानातला पहिला पडदा तुमचा शिवते. पैशाचं नाव काढू नका."

तगादाबाईला क्षणभर वाटले की हिच्या चांगुलपणाचाही आपण हेवा करतो आहोत, आणि त्याचा तिला फार कंटाळा आला. "माझ्या खिडकीला पडदा लागत नाही," ती म्हणाली. "समोर भिंत आहे."

पुढच्या महिन्यात मुख्य लेखनिकाची खुर्ची शेजारच्या टेबलावरच्या माणसाला मिळाली, ज्याच्याकडे फायली तीस दिवस सुखाने झोपत. काकांनी सगळ्यांना चहा दिला. तगादाबाईने त्याचे अभिनंदन केले आणि त्याच्या नव्या खुर्चीचे हात बघून घेतले. ते लाकडी होते, वर मऊ गादी होती. चहा कडू लागला तरी तिने तो संपवला.

दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा तिने स्वतःच्या नोंदीची प्रत काढली. त्या घराचा पत्ता वर छापलेला, आणि खाली महिन्यांच्या बारीक चौकटी. अकरा वर्षांच्या हिरव्या, एकापुढे एक. कितीतरी महिने ही रांग फेब्रुवारीपाशी थांबलेली तिने बघितली होती. आता फेब्रुवारीनंतर तीन लाल चौकटी होत्या, मार्च, एप्रिल आणि मे, आणि त्यांच्या पुढे काही नव्हते.

तिने त्या तिन्हींवरून बोट फिरवले. मग कागदाची घडी घालून खणात ठेवली आणि पाण्याच्या कंपनीचा फोन फिरवला.

"मी बोलतेय," ती म्हणाली. "कागद शोधा. मी फोन धरून बसते."